चौथं बटण

गेणू, तुला पोचवून आज सतरा दिवस झाले आणि माझ्या डोळ्याला अजून पाणी नाही. लोकांना वाटतं, रामा घट्ट मनाचा. घट्ट कसला डोंबलाचा! भाकरी तोंडात घालतो, चावतो, गिळतो, आणि हात धुताना आठवत नाही की कालवण कशाचं होतं. परवा बैल सोडायला गोठ्यात गेलो आणि कासरा हातात धरून तसाच उभा राहिलो. बायको हाका मारत होती. ऐकू येत होत्या, पण त्या मला आहेत असं वाटत नव्हतं.

शाळेच्या मास्तरांनी तुझ्यावर चार ओळी लिहून मागितल्यात, शाळेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायला. जन्म कधीचा, शिक्षण किती, पुण्याच्या रेकॉर्डच्या दुकानात कधी लागला, असं त्यांनी कागदावर मांडून दिलंय आणि पुढे जागा सोडलीय. ती त्यांनी ठकूवहिनींना विचारून भरावी. नवऱ्याचं त्यांना जास्त ठाऊक. मला तुझ्याशी बोलायचंय. आठ महिने बोललो नाही तुझ्याशी, ते ढोलकीपायी, आणि तू तेवढ्यात निघून गेलास. आता अबोला मोडायचा कुणाशी, ते सांग.

तुझा कान कुठून आला हे दुकानाच्या मालकांना कधी कळलं नाही. ते पुण्याच्या पाहुण्यांना सांगायचे, हा आमचा गेणबा, कुठं शिकला नाही पण माईकवरचा आवाज असा मिसळतो की मुंबईचा माणूस बोट तोंडात घालील. तू नुसता हसायचास. मला ठाऊक होतं ना. तुझ्या बापाची मेंढरं संध्याकाळी मुठ्याच्या डोंगराच्या उतारावरून खाली यायची, तेव्हा तू वाटेकडे पाठ करून बसायचास आणि घंट्यांवरून सांगायचास, कुठली मागं राहिलीय. मला ते थोतांड वाटायचं. एकदा तुझ्या काळ्या मेंढीच्या घंटीत मी गवत कोंबलं. कळप अर्धासुद्धा आला नव्हता, तर तू पाठमोराच म्हणालास, रामा, काळीच्या गळ्यातलं काढ, नाहीतर तुझ्या नाकात घालीन. तेव्हापासून तुझ्या कानावर मी कधी शंका घेतली नाही. घेतली ती तुझ्या मनावर.

आपल्या भागात टेपवर गाणी धरायला लागलो ते दिवस आठवतात का रे? मालकांनी टेपचं मशिन घेतलं होतं आणि चार माईक जोडायचा डबा. भरे गावच्या सोनाबाई गायच्या, एक पेटीवाला, झांज घेऊन मागं झील धरणारे दोघं, आणि ढोलकीवर मी. शाळा रविवारी मोकळी असायची. धरणाची वीज आपल्या डोक्यावरच्या तारांतून मुंबईला जायची, आणि आपण त्याच तारांखालून मोटारीच्या बॅटऱ्यांचा खोका वाहून न्यायचो, मशिन चालवायला. शाळेत घुमायचं फार. तू मधोमध उभा राहून टाळी वाजवलीस, कान दिलास, आणि तुमच्या वाडीवर जाऊन घरटी एक घोंगडी गोळा करून आणलीस. ती भिंतींना टांगली, खिडक्यांना टांगली. मग टाळी वाजवलीस तर ती जागच्या जागी मेली. सोनाबाईंनी नाकाला पदर लावला. म्हणाल्या, गेणबा, गाणं धरतोयस का मेंढवाडा? पण त्या दिवशी त्यांचा आवाज टेपवर असा आला की त्या आपल्याच आवाजाकडे बघत बसल्या.

मास्तर हे वाचून दाखवणार, म्हणून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. डब्यावर चार गोल बटणं होती, चिमटीत धरून फिरवायची, एकेका माईकचं एकेक. पहिलं सोनाबाईंचं, दुसरं पेटीचं, तिसरं झांज आणि झीलकऱ्यांचं, चौथं माझं. गाणं चालू असतानाच ही चारी मिसळून टेपच्या एकाच पट्टीवर जायची. मागाहून काही काढता येत नाही, घालता येत नाही. दुधात पाणी पडलं की पडलं. म्हणून तू गाणं पाठ करायचास, शब्दन् शब्द. सोनाबाईंना वरच्या सुराला मान डावीकडे टाकायची खोड. त्यांची मान हलायच्या आत तुझं बोट हललेलं असायचं. झांजवाल्यांना तू दाराकडे तोंड करून उभं करायचास. म्हणायचास, झांज म्हणजे लग्नातला व्याही, पुढं बसवला की दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. मोठ्या आवाजात कधी ऐकायचा नाहीस. मोठ्यानं सगळंच चांगलं वाटतं, हे तुझं ठरलेलं. टेप बारीक लावून बाहेर जायचास, भिंतीपलीकडं उकिडवा बसायचास, आणि तिथं शब्द कळला तरच आत येऊन मान डोलवायचास.

मी एकदा विचारलं होतं, ह्यात अवघड काय आहे, चार तर बटणं. तू बिडी शिलगावलीस आणि म्हणालास, "वर आणाया कुनालाबी येतं, रामा. काय खाली न्यायचं ते कळाया लई दिस लागत्यात." मला तेव्हा ते बोलणं आवडलं होतं. चार लोकांत मी ते माझं म्हणून सांगितलंही.

पुण्याला पूर आला त्याच्या आदल्या वर्षी माझं बोट गेलं. हे आपण दोघांनी कधी तोंडावर आणलं नाही, आज आणतो. ओढ्यातून खोका नेत होतो, एका बाजूला तू, एका बाजूला मी. मशिन तुझ्या पाठीला बांधलेलं. शेवाळावरून तुझा पाय गेला. मशिन पाण्यात जाईल म्हणून तू हात मागं टाकलास आणि खोका सुटला. माझा उजवा हात खाली, दगडावर. करंगळीशेजारचं बोट. हाडवैद्यानं बसवलं, पण वाकडं राहिलं. दोन महिन्यांनी मी ढोलकी मांडीवर घेतली आणि वाजवून दाखवली. सगळे म्हणाले, वा, पहिल्यासारखीच. तू बाहेर जाऊन उभा राहिलास. मला वाटलं, ह्याला माझ्याकडे बघवत नाही. मला तुझा राग नव्हता रे. तुझ्या जागी मी असतो तर मीही मशिनच धरलं असतं. हे तुला एकदा सांगायला काय झालं होतं मला? पण ते राहिलं.

त्यानंतरच्या टेपा ऐकताना मला कधीमधी वाटायचं, ढोलकी खाली गेलीय. विशेष करून तोड्याला. दोन कडव्यांच्या मधे ढोलकीवाल्याला मोकळं रान मिळतं, त्यात तो आपली करामत दाखवतो, तो तोडा. बाकी गाण्यात आम्ही गडी माणसं, तोड्याला मालक. आणि नेमकं तिथंच मी गुपचूप व्हायचो आणि पेटी वर यायची. तुला विचारलं की तू म्हणायचास, मशिनच्या ह्या एवढ्याशा डबड्यातून ढोलकी बाहेर येत नाही, रेकॉर्डवर बघ कशी येते. मी रेकॉर्डची वाट बघायचो.

रेकॉर्ड आली आठ महिन्यांपूर्वी. अपघातानंतरची पहिलीच. चावडीत फोनो ठेवला होता, चावी द्यायला झुंबड. भऱ्याची माणसं आलेली. मी नवी टोपी घालून पुढं बसलो होतो. गाणं सुरू झालं, कडवं झालं, तोडा आला, आणि पेटीच वाजली. ढोलकी कुठंतरी लांब, कुणाच्या तरी शेतात वाजतीय म्हणावं तशी. मागून एकजण म्हणाला, रामभाऊ, त्या दिवशी तुम्ही वाजवायला गेला होता का आजारी होता? चावडी हसली. मला आणखी काही ऐकू आलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण मास्तरांनी हेही वाचावं. मी उठलो आणि सगळ्यांसमोर तुला म्हणालो की मेंढरं राखणाऱ्याच्या जातीला ढोलकी काय कळणार. तुम्हाला बें बें तेवढी कळते. हे मी बोललो. पाटलाच्या भावकीतला, सातवी फायनल पास झालेला, तुझ्या घरची भाकर खाल्लेला. तुझ्या तोंडावर काही दिसलं नाही. तू एवढंच म्हणालास, "गानं नीट हाय का न्हाई, तेवढं बग." आणि पायताण घालून वर वाडीकडे गेलास.

मग अबोला. काम होतंच, महिन्या-दोन महिन्यांनी यायचास. माझं नाव घ्यायचा नाहीस. सोनाबाईंना सांगायचास, ढोलकीला सांगा अर्धा हात मागं सरकायला. मी सोनाबाईंना सांगायचो, बटणवाल्याला सांगा ढोलकी ऐकतीय. त्या बिचाऱ्या वैतागल्या. म्हणाल्या, दोघांची लग्नं झालीत ना रे, मग मला मधे घेऊन कसले रुसवे काढताय? तू हसलास तेव्हा. मीही हसलो असतो, पण तू आधी हसलास म्हणून हसलो नाही. इतका मी शहाणा.

कावीळ झाली म्हणून तुला पुण्याहून घरी आणल्याचं कळलं. झाडपाला चालू होता. सोमवारी ठकूवहिनी स्वतः खाली आल्या, माझ्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भावजी, एकदा येऊन जावा, सारखं तुमचं नाव घेत्यात. मी म्हणालो, बघू. बायको आतून ऐकत होती, ती बाहेर येऊन म्हणाली, बघू काय बघू, जा की. मी बैलांना वैरण टाकायला गेलो.

मंगळवारी संध्याकाळी देवळात भजन होतं. तुझं घर देवळाच्या वर, हाकेच्या अंतरावर, वारं तिकडंच जातं. मी ढोलकी कसून चढवली. आणि प्रत्येक तोड्याला जीव खाऊन वाजवली, तुझ्या घरात जाईल अशी. देवाला नाही, तुला ऐकवत होतो. मनात म्हणत होतो, घे बघू आता खाली. इथं तुझं बटण नाही. अंगाला घाम सुटला, बोटं सुजली. फार बरं वाटलं मला त्या संध्याकाळी.

गुरुवारी सकाळी तू गेलास. मी खांदा दिला. कुणीतरी पुढं ढकललं म्हणून दिला. तू काविळीनं एवढा हलका झाला होतास की खांद्यावर काही आहे असं वाटेना.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी माणूस पाठवला. सोनाबाईंचं गाणं ठरलेलं होतं, रेकॉर्डसाठी मुंबईला द्यायचं होतं. नवा माणूस पुण्याचा, चांगला, अदबीनं बोलणारा. त्यानं घोंगडी वगैरे काही मागितली नाहीत, शाळेतली सतरंजी टांगली. चारी बटणं लावली आणि हात मांडीवर घेऊन बसला. तू कधी असा बसला नाहीस. गाणं झालं. म्हणाला, ऐका. आणि टेप उलटी फिरवून लावली.

गेणू, मी माझी ढोलकी ऐकली. सहा वर्षांत पहिल्यांदा. कडव्याला ठीक होती. तोडा सुरू झाला, पहिला फेरा बरा गेला, दुसऱ्या फेऱ्यात बोट मागं पडलं. मग सावरायला मी घाई केली, मग पुढं गेलो, मग सोनाबाईंनी माझ्यासाठी सूर लांबवला आणि मला कडव्यात घेतलं. लंगडा माणूस ओढा ओलांडतो तसं. मी म्हणालो, पुन्हा घ्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच, त्याच ठिकाणी. वाजवताना मला एकदाही कळलं नाही. वाजवणारा आपल्या मनातली ढोलकी ऐकत असतो, आणि माझ्या मनातल्या ढोलकीला दहा बोटं होती.

तो नवा माणूस खाली बघत म्हणाला, "काका, तोड्याला ढोलकी जरा मागे पडते. आधीच्या टेपांत असं नाही. आधी कसं करत होते?"

पेटीवाला भात्याशी खेळत राहिला. मी सोनाबाईंकडे बघितलं तर त्या घोंगडी नसलेल्या भिंतीकडे बघत होत्या. मी विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, बोट गेल्यापासून. मग मला का नाही सांगितलं कुणी?

"गेनबानं शपथ घातली हुती समद्यास्नी," सोनाबाई म्हणाल्या. "म्हनला, खोका माज्या हातनं सुटला. आता ढोलकी सोड म्हनून मी कसं सांगू त्याला? गानं मी सांभाळतो, तुमी त्याला सांभाळा."

म्हणजे माझं बोट कुठं अडखळणार हे तुला माझ्याआधी ठाऊक असायचं. ते अडखळायच्या आत तू मला खाली न्यायचास, पेटीला वर आणायचास, आणि ती जागा गेली की मला परत जागेवर आणून ठेवायचास, कुणाला कळायच्या आत. दर गाण्याला. सहा वर्षं. चावडीत मी तुझी जात काढली तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर चावडी माझ्यावर हसली असती. ते वाक्य तू गिळलंस.

पण थांब, मी तुला इतक्यात सोडत नाही. तू चुकलास, गेणू. मला सांगायला हवं होतंस. मी आठ दिवस जेवलो नसतो, तुला शिव्या दिल्या असत्या, आणि मग नऊ बोटांचा तोडा बसवला असता. साधा, संथ, पण धड. बसला असता मला. तू ठरवून टाकलंस की रामाला झेपणार नाही. माझ्या ढोलकीची तुला कीव आली, ते मला अजून सोसत नाही. ह्यावर आपलं कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं, आणि तू माझ्या वाटणीची सगळी भांडणं घेऊन गेलास.

त्या दिवशी गाणं पुरं केलं. नव्या माणसाला म्हणालो, मी मान हलवली की चौथं बटण खाली घ्या आणि दुसरं वर. पहिल्या वेळेला त्याला उशीर झाला. दुसऱ्यांदा लवकर घेतलं. पाचव्या वेळेला जमलं. तुला कुणी मान हलवून सांगत नव्हतं. घरी आलो, ढोलकीच्या दोऱ्या सैल केल्या आणि खुंटीला लावली. तेव्हाही रडू आलं नाही. नुसतं अंग बधिर, हाडवैद्यानं बोट बांधलं होतं तेव्हाच्या बोटासारखं.

काल तुझ्या घरी गेलो. आधीच जायचं होतं, पण पाय देवळापर्यंत जायचे आणि वळायचे. ठकूवहिनी लोकर निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्यात बसलो आणि सगळं सांगितलं. चावडीत काय बोललो ते, मंगळवारी कुणाला ऐकवायला वाजवत होतो ते, सोनाबाईंनी काय सांगितलं ते. बटणांचं त्यांना फारसं कळलं नाही. चावडीचं त्यांना ठाऊक होतं. तू घरी येऊन सांगितलं नव्हतंस, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणालो, वहिनी, मला बोला काहीतरी. त्या म्हणाल्या, काय बोलायचं आता. गूळ-पाणी पुढं ठेवलं. मी पाणी प्यायलो.

त्यांनी लोकर परत हातात घेतली आणि खाली ठेवली.

"भावजी, एक इचारू का? मंगळवारी खाली भजन चाललं हुतं. ह्यांचं डोळं मिटल्यालं, हाकेला ओ न्हाई. पन तुमची ढोलकी चढली की ह्यांचा हात घोंगडीवर हळूच फिरायचा. मंग थांबायचा. परत ढोलकी चढली की परत. मी हात धराया गेले तर सोडवून घेतला. लई येळ चाललं हुतं. ताप डोस्क्यात गेला हुता का वो?"

मी विचारलं, हात कसा फिरायचा. वहिनींनी चिमूट केली, काहीतरी बारीक धरल्यासारखी, आणि हवेतच डावीकडे फिरवून दाखवली, अगदी सावकाश. मग उजवीकडे, परत होती तिथं.

डावीकडे म्हणजे खाली.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "ताप न्हवता त्यो. काम करत हुता."